ग्राहक गेला, सर्व्हर राबतोय

मालवणच्या होमस्टेचं बुकिंग तुझ्या सर्व्हरवर आहे ना, मग लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ४९९ हा स्टेटस कोड दिसणारच. घाबरू नकोस. हा कोड एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा स्वतःचा, एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांच्या, मानकात तो नाही. उत्तर मिळायच्या आत समोरच्याने कनेक्शन तोडलं, एवढंच. करूळ घाटात रेंज जाते, नाहीतर माणूस कंटाळून पान रिफ्रेश करतो.

खरी गंमत पुढे आहे. एनजिनएक्स मागे बुकिंगचं काम करणाऱ्या पीएचपी स्क्रिप्टशी असलेलं कनेक्शन सोडून देतो, पण त्या स्क्रिप्टला ते कळतं कधी? ती काही आउटपुट पाठवायला जाते तेव्हा. तोवर डेटाबेसची लांबलचक क्वेरी निवांत चालू. दिवाळीच्या सुट्टीत लोक धडाधड रिफ्रेश मारतात. कुणीच वाट बघत नसलेल्या क्वेऱ्या साचतात, रिक्वेस्ट हाताळणारे पीएचपीचे वर्कर संपतात आणि साइट सगळ्यांनाच बंद. म्हणून आधी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे एका क्वेरीला किती वेळ द्यायचा ती मर्यादा, लाव. मुळात तो शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. एनजिनएक्स डिफॉल्टने पीएचपीच्या उत्तरासाठी ६० सेकंद थांबतो, पण खोल्या शोधायला एवढा वेळ कशाला? मी क्वेरीला पाचच सेकंद देतो.

पैसे घेणारी रिक्वेस्ट मात्र अशी मध्येच मारू नकोस रे बाबा. तिथे पीएचपीचं ‘इग्नोर यूजर अबॉर्ट’ चालू ठेव, म्हणजे ग्राहक गेला तरी काम पुरं होऊ दे. फॉर्म उघडतानाच प्रत्येक बुकिंगला वेगळा क्रमांक दे आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स टाक, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवला जाणार नाही. त्याच क्रमांकाने पुन्हा बटण दाबलं गेलं, तर नवी खोली अडकवायची नाही, पहिल्याच बुकिंगची पावती दाखवायची.