सेरेब्रल पाल्सी असलेल्या महिलांच्या धावशर्यतीत ‘टी३५’ म्हणजे नेमके काय?

‘टी’ म्हणजे ट्रॅक. सेरेब्रल पाल्सी किंवा तत्सम कारणाने स्नायूंवरचा ताबा बिघडलेले, पण उभे राहून धावणारे खेळाडू टी३५ ते टी३८ या गटांत येतात आणि आकडा जितका लहान, तितका धावण्यातला अडथळा मोठा. टी३५ मध्ये मुख्यतः दोन्ही पाय बाधित असतात: मांड्यांचे स्नायू आतल्या बाजूला ओढले गेल्याने गुडघे एकमेकांना घासतात, टाच धड टेकत नाही आणि पाऊल आखूड पडते. टी३७ मध्ये शरीराची एकच बाजू बाधित असते, त्यामुळे त्या गटातील वेळा बऱ्याच कमी दिसतात. दोन गटांच्या वेळांची थेट तुलना करणे मला तरी अन्यायाचे वाटते.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये उत्तर प्रदेशच्या प्रीती पाल यांनी टी३५ ची १०० मीटर शर्यत १४.२१ सेकंदांत पूर्ण करून कांस्यपदक मिळवले, जे पॅरालिंपिकच्या ट्रॅक प्रकारांतील भारताचे पहिलेच पदक होते. सुवर्णपदक विजेत्या चीनच्या झोउ शिया यांची वेळ १३.५८ सेकंद होती. दोनच दिवसांनी प्रीती यांनी २०० मीटरमध्येही ३०.०१ सेकंदांत कांस्यपदक पटकावले.