पोरगं दिवसभर कानाला हेडफोन लावून बसालंय, काय करू?

सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की दरवर्षी एखादं तरी घर हा प्रश्न घेऊन माझ्याकडं करिअरचा सल्ला घ्यायला येतंच. सायन्सला घातलेलं पोरगं म्हणतंय मला म्युझिक कंपोझिशन आणि टेक्नॉलॉजी शिकायचंय, म्हणजे संगीत रचायचं आणि ते कॉम्प्युटरवर घडवायचं. त्यातली एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय.

वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले, "मॅडम, सीईटीच्या क्लासला पैसे भरलेत आणि हा तिथंपण जाईना, गाणंबजावणं करून पोट भरतंय काय?" पोरगा गप्प, नखं खात बसलेला. आई हळूच म्हणाली, तसा हुशार आहे ओ.

मी आईवडिलांना बाहेर बसवलं आणि म्हटलं, लॅपटॉप आणलायस न्हवं, दाखव काय करालास ते. फोल्डर उघडलं तर संगीताचे ४३ प्रोजेक्ट, पूर्ण एकही नाही! सगळं मिनिट-दीड मिनिटात संपलेलं. मनात म्हटलं हं, हे नेहमीचंच. पण मग त्यानं एक गोष्ट ऐकवली आणि मी जरा सरसावून बसले. तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगवर त्यानं कीबोर्डचा साधा सूर धरला होता, आणि म्हणतो मॅडम इथला ग ऐका, टोचतोय की नाही. खरंच टोचत होता. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, सुमारे १४ सेंट, म्हणजे एका अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर त्यातले १४. पोरानं हे कुठं वाचलं नव्हतं, कानानं पकडलं, सॉफ्टवेअरमध्ये ग खाली ओढला आणि टोचणं थांबलं. आता ह्याला टाइमपास कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्याची स्वतःची भीती वेगळीच निघाली. पियानो येत नाही, पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, मग मला कोण घेणार? मी स्पष्ट सांगितलं, पाश्चात्य पद्धतीच्या कंपोझिशनला ते लागतंच, त्यातून सुटका नाही. पण ती एक लिपी आहे रे, कन्नड शिकलास की नाही शाळेत, तशीच रोज थोडी बसून शिकायची. आपल्या शेजारच्या कुरुंदवाडच्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी तर स्वतःची स्वरलिपी बनवली होती. आणि फिजिक्स अजिबात सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी फिल्म संस्थेत, साउंडचा कोर्स पदवीनंतरचा आहे आणि त्याला बारावीला फिजिक्स असावं लागतं, म्हणजे ज्या सायन्सला तू वैतागलायस तेच तिथं दार उघडतंय.

वडिलांना आत बोलावून मी सांगितलं की १९५७ साली कॉम्प्युटरकडून सूर काढणारा प्रोग्राम लिहिणारे मॅक्स मॅथ्यूज इंजिनिअरच होते, त्यावर वाजलेला पहिला तुकडा फक्त १७ सेकंदांचा होता. वडिलांवर फारसा परिणाम झाला नाही, खरं सांगायचं तर. पगाराचं विचारलं त्यांनी. मी खोटं बोलले नाही, म्हटलं सुरुवातीची काही वर्षं ठराविक पगार विसरा, डबिंग, सिरियलचं बॅकग्राउंड, लाइव्ह साउंड असं तुकड्यातुकड्यानं काम मिळतं. आणि कुठल्याही खासगी कोर्सला पैसे भरायच्या आधी तिथल्या पोरांनी केलेलं काम ऐकून या, एका पोराच्या वाट्याला आठवड्याला स्टुडिओ किती तास येतो ते विचारा, माहितीपत्रकातला साउंड मिक्सरचा फोटो बघून भुलू नका.

मग पोराला एकच काम दिलं. कुणाचं तरी, तारीख ठरलेलं काम पूर्ण कर. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक जवळ आली होती, गल्लीच्या मंडळाला देखाव्याचे संवाद आणि पार्श्वसंगीत पाहिजेच होतं. घरात भिंतीला गाद्या टेकवून त्यानं संवाद रेकॉर्ड केले, मावळ्याचा आवाज शेजारच्या दादाचा. हेडफोनवर झकास वाटत होतं ओ! चित्ररथाच्या ट्रॉलीवर स्पीकरला लावून बघितलं तर संवाद कळेनात, खालचा ढम् ढम् सगळं गिळून टाकालेला. रात्रभर बसून त्यानं संगीताचा बेस कापला, माणसाचा आवाज वर आणला, डावं-उजवं काढून सगळं मोनो केलं. तरी एक घरघर राहिलीच.

ती वडिलांनी पकडली. हा माणूस रोज कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या तुकड्यावर, हातोडी मारून आवाज ऐकतो, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा. पोराला म्हणाले, "अरे स्पीकर कशाला खोलालास, ट्रॉलीचा पत्रा वाजालाय तो." आणि जुनी सायकलची ट्यूब कापून स्पीकरच्या बॉक्सखाली घातली.

मिरवणुकीनंतर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. सीईटी देऊ दे म्हणालोय, पण बीएस्सीला फिजिक्स घेतलं तर चालतंय न्हवं? आणि ते पुण्याचं, तिथले फॉर्म साधारण कधी सुटतात मॅडम?