मेडिकेअरमध्ये (अमेरिकेच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात) निविदांमुळे उपकरणांचे दर उतरले, मग वडिलांना लिक्विड ऑक्सिजन द्यायला कोणीच का तयार नाही? आत्ता पुरवठादार बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना चालताना मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन लागतो, डॉक्टरांनी लिक्विड लिहून दिलाय आणि तिसरा पुरवठादारही "आम्ही ते ठेवत नाही" म्हणाला. तो खोटं बोलत नाही. बहुतेकांनी लिक्विड ठेवणं खरंच सोडलंय. का सोडलं, ते आधी सांगतो, कारण "दर उतरले म्हणजे लाभार्थ्याचं भलं झालं" हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की ते खोडून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही.

निविदा आणणं चूक नव्हतं, हे पुरवठादारांची बाजू घेणाऱ्यांनीही मान्य करावं. सरकारच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयानं २००६ मध्ये हिशोब मांडला होता. घरात ठेवायचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) सरासरी ५८७ डॉलरला विकत मिळत होता आणि ३६ महिन्यांच्या भाड्यापोटी त्याच यंत्राचे ७,२१५ डॉलर जात होते. त्यातले २० टक्के, म्हणजे १,४४३ डॉलर, लाभार्थ्याच्या वाट्याचे. यंत्राच्या अडीचपट रक्कम नुसत्या त्याच्या हिश्श्यातून निघत होती. बाजारभावाशी काही संबंध न उरलेलं जुनं दरपत्रक चालू ठेवायचं समर्थन कोणीही करू नये.

म्हणून २००३ च्या कायद्यानं निविदा सक्तीच्या केल्या. पहिली फेरी १ जुलै २००८ ला दहा भागांत सुरू झाली आणि दोन आठवड्यांत काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) ती थांबवली. त्या बदल्यात त्या वस्तूंचे दर देशभर साडेनऊ टक्के कापले. मग जानेवारी २०११ मध्ये नऊ भागांत पुन्हा सुरुवात झाली आणि जुलै २०१३ मध्ये आणखी शंभर भाग जोडले गेले.

घोळ झाला तो दर ठरवण्याच्या सूत्रात. समजा पाच पुरवठादारांनी महिन्याला ८०, ९०, १००, ११० आणि १२० डॉलर अशा बोली लावल्या. भागाची गरज भागवायला पाचही जण लागणार, म्हणून पाचही विजेते. साध्या लिलावात शेवटच्या लागणाऱ्या माणसाचा दर, म्हणजे १२०, सगळ्यांना मिळतो किंवा ज्याला त्याला आपापल्या बोलीचा दर मिळतो. सीएमएसनं (मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी संस्थेनं) मधला आकडा धरला: १००. म्हणजे ज्यानं "११० च्या खाली मला परवडत नाही" असं लिहून दिलं, त्यालाच १०० वर कंत्राट देऊ केलं. विजेत्यांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्या बोलीपेक्षा कमी दर, आणि तोही अपघातानं नाही, सूत्रानंच.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बोली बंधनकारक नव्हती. ८० लिहायचं, विजेत्यांच्या यादीत बसायचं, मधला दर काय निघतो ते बघायचं, आणि नाही पटला तर सही करायची नाही. दंड नाही, अनामत जप्त होणं नाही. पण सही न करणाऱ्याची बोली मधला आकडा काढताना धरलेली असायची. जो माल देणारच नाही, तो देणाऱ्याचा दर खाली ओढून जायचा. तिसरी गोष्ट, बोली एकेका वस्तूवर लागायची आणि निवड मात्र भारित बेरजेवर व्हायची. ज्या वस्तूचा भार मोठा तिथे दर पाडायचा, भार किरकोळ तिथे चढवायचा, की बेरीज आकर्षक दिसते.

हे मी आज मागे वळून शहाणपणानं सांगत नाहीये. सप्टेंबर २०१० मध्ये, म्हणजे दर लागू होण्याआधी, अर्थशास्त्रज्ञ पीटर क्रॅम्टन यांच्यासह लिलावांच्या १६७ अभ्यासकांनी काँग्रेसला पत्र लिहून हेच दोष दाखवले होते. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठात चार्ल्स प्लॉट आणि सहकाऱ्यांनी हे सूत्र प्रयोगशाळेत चालवून पाहिलं, तिथेही ते कोसळलं. तरी तेच सूत्र २०१३ मध्ये शंभर भागांवर लावलं गेलं.

आता वडिलांच्या सिलिंडरकडे या. २००८ मध्ये घरच्या ऑक्सिजनचं मासिक भाडं साधारण १९९ डॉलर होतं. २०१३ नंतर निविदांच्या बऱ्याच भागांत ते शंभराच्या खाली आलं. ही रक्कम सपाट: कॉन्सन्ट्रेटर द्या, गॅसचे सिलिंडर द्या की लिक्विडची टाकी द्या, मूळ दर तोच. कॉन्सन्ट्रेटर एकदा भिंतीत खोचला की अधूनमधून फिल्टर आणि शुद्धता तपासली की भागतं. लिक्विडचं तसं नाही. मोठी टाकी घरात ठेवली तरी वापरा न वापरा, त्यातला ऑक्सिजन उडून जात राहतो. ठरावीक दिवसांनी ट्रक, प्रशिक्षित ड्रायव्हर, हातमोजे, भरायची नळी, गोठलेली कपलिंग सुटेपर्यंत दारात थांबणं. हा फेरा वर्षभर, प्रत्येक रुग्णासाठी. शंभर डॉलरमध्ये हिशोब बसेना तेव्हा पुरवठादारांनी यंत्र काढून घेतलं नाही, ट्रक काढून घेतला.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. मिनिटाला २ लिटर लागणाऱ्याला ई साइजचा सिलिंडर (भरलेला साधारण ६८० लिटर) साडेपाच तास पुरतो. तोच ६ लिटरवर पावणेदोन ते दोन तासांत संपतो. दवाखान्यात जाऊन यायचं म्हटलं तरी तीन सिलिंडर गाडीत टाका. बॅटरीवरचा पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर अखंड प्रवाहात बहुधा ३ लिटरपर्यंतच देतो. त्यावर ५ किंवा ६ आकडा दिसतो, ती श्वासागणिक सोडायच्या पफची सेटिंग असते, लिटर नव्हेत. पुरवठादाराचा माणूस "सहावर चालतो की" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. चालताना बोटाला ऑक्सिमीटर लावून बघा. एक लिटर लिक्विडमधून सुमारे ८६० लिटर वायू निघतो, म्हणून फुप्फुसं आक्रसत जाणाऱ्या, जास्त प्रवाह लागणाऱ्या रुग्णांना तोच सोयीचा होता. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांचीच सेवा आधी गेली. "सरासरी बचत" या शब्दात ही माणसं दिसत नाहीत.

बचत कोणाच्या खिशात गेली, हेही बघा. टपालानं येणाऱ्या, साखर तपासायच्या १०० स्ट्रिप्स आणि लॅन्सेटचा (बोट टोचायच्या सुयांचा) दर जुलै २०१३ मध्ये सुमारे ७८ डॉलरवरून साडेबावीसवर आला. लाभार्थ्याचा २० टक्के हिस्सा साडेपंधरावरून साडेचारवर. ज्याच्याकडे पूरक विमा नाही त्याला खरोखर दिलासा, तो मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे मेडिगॅप (खासगी पूरक विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) आहे, त्याच्या हातून तो हिस्सा जातच नव्हता. त्याला बचत मिळाली प्रीमियममध्ये, कुठेतरी अंशानं. सेवेतली कपात मात्र पूर्ण त्याच्या वाट्याला आली: ओळखीच्या ग्लुकोमीटरऐवजी भलताच, त्याच्या वेगळ्या स्ट्रिप्स, वेगळी सवय. असं मीटर गळ्यात मारण्याला आळा घालायचे नियम २०१८ च्या कायद्यानं आणखी कडक करावे लागले, यातच काय ते आलं.

फेरी बदलताना काय होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. तुमच्या पुरवठादाराला कंत्राट मिळालं नाही तर तो जुनं भाडं चालू ठेवू शकतो किंवा नाही म्हणू शकतो. नाही म्हणाला तर ३० दिवस, १० दिवस आणि २ दिवस आधी कळवणं त्याच्यावर बंधनकारक होतं. व्हीलचेअर, पलंग, सीपॅप (झोपेत श्वासनलिका उघडी ठेवणारं यंत्र) अशा १३ महिने भाडं भरून मालकीच्या होणाऱ्या वस्तूंचं मीटर नव्या कंत्राटदाराकडे पुन्हा शून्यावरून सुरू व्हायचं. अकराव्या महिन्यात बदल झाला तर आधीचे हिस्से गेले आणि पुढे पुन्हा तेरा. ऑक्सिजनमध्ये नव्याला किमान १० महिन्यांचं भाडं मिळायचं. फेरी परत आली की हा प्रश्न पहिला विचारा.

आता तुमचा प्रश्न. १ जानेवारी २०२४ पासून निविदांची कंत्राटं चालू नाहीत, त्यामुळे मेडिकेअरमध्ये नोंदलेला कोणताही पुरवठादार चालतो. पण बदलायचं की नाही हे वडील कितव्या महिन्यात आहेत त्यावर ठरतं. पुरवठादाराला भाडं ३६ महिने मिळतं, त्यानंतर ज्यानं ३६ व्या महिन्याचं भाडं घेतलं तोच ६० व्या महिन्यापर्यंत पुरवठ्याला बांधील असतो, तुम्ही दुसऱ्या राज्यात गेलात तरी. तिसाव्या महिन्यात नव्याकडे गेलात तर त्याला सहा महिन्यांचं भाडं आणि दोन वर्षांचं काम. तो टाळणारच. सुरुवातीचे काही महिने असतील किंवा ६० पूर्ण झाले असतील तरच तुमच्या हातात वजन आहे. ६० नंतर नवं उपकरण मागा, ३६ महिने नव्यानं सुरू होतात, आणि तेव्हा पुरवठादार निवडा.

डॉक्टरांच्या नोंदीत तीन गोष्टी नसतील तर बदलूनही उपयोग नाही. विश्रांतीत, झोपेत आणि चालताना वेगवेगळा प्रवाह आकड्यात. ४ लिटर चालू असताना केलेली चाचणी, ज्यात सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ टक्के किंवा खाली आहे. हिच्याशिवाय जास्त प्रवाहाची वाढीव रक्कम पुरवठादाराला मिळत नाही. आणि पफवर किंवा सिलिंडरवर का भागत नाही, हे एका वाक्यात. वाढीव रक्कम म्हणजे मूळ दराच्या निम्मी, पण फिरताना वापरायच्या (पोर्टेबल) उपकरणाची वेगळी रक्कमही लागू असेल तर दोन्ही मिळत नाहीत, मोठी असेल ती एकच. म्हणूनच ६ लिटरच्या फिरत्या रुग्णाला पुरवठादार नको म्हणतात. हा नियम बदलायला हवा. ऑक्सिजन निविदांतून कायमचा बाहेर काढायचं विधेयक काँग्रेसमध्ये मांडलं गेलंय, तुमच्या प्रतिनिधीला त्याबद्दल जरूर लिहा.

नव्या पुरवठादाराला पहिल्याच फोनवर "असाइनमेंट घेता का", म्हणजे मेडिकेअरनं ठरवलेला दरच पूर्ण मोबदला मानता का, हे विचारा. निविदांच्या काळात कंत्राटदाराला ती घ्यावीच लागायची. आता उपकरणांवर असाइनमेंट नाकारणाऱ्यानं किती जास्त घ्यावं याला कमाल मर्यादा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. वडील मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजनेत (खासगी विमा कंपनीमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरमध्ये) असतील तर यातलं बरंचसं लागू नाही. निविदा मूळ मेडिकेअरपुरत्या आहेत, अ‍ॅडव्हांटेजवाल्यांना सहसा योजनेच्या नेटवर्कमधलाच पुरवठादार घ्यावा लागतो. लिक्विड नाकारला तर योजनेकडे लेखी अपील करा. आणि सीएमएसवर अन्याय नको म्हणून सांगतो: २०२१ च्या फेरीत त्यांनी मधला आकडा टाकून सर्वांत वरची विजयी बोली दर म्हणून धरली, प्रत्येक भागासाठी ५०,००० डॉलरचा हमी बाँड मागितला. सूत्र सुधारल्यावर अपेक्षित बचत निघेना, म्हणून पाठीचे आणि गुडघ्याचे तयार पट्टे सोडून बाकीचे गट त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द केले, ऑक्सिजनसुद्धा. खरे दर विचारल्यावर बचत उरली नाही, यावरून आधीचे दर किती खरे होते ते तुम्हीच ठरवा.