पॉलिशपेपर खाली ठेव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. पहिलं काम, हातातला पॉलिशपेपर खाली ठेव. बाकीचं सगळं त्यानंतर.

बेळगावच्या कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून हॅटचे तीन ठोकळे, म्हणजे हॅटला आकार द्यायचे लाकडी साचे, उचललेस, त्यातला एक पाच तुकड्यांचा. आता ते घासून चकाचक करून बेंगळुरूच्या कॅफेवाल्याला विकायचे, घरात शोकेसमध्ये मांडायचे, की त्यांच्यावर हॅट करायला शिकायचं, असा तुझा घोळ झालाय. तू खानापूरची, लाकूडकामाच्या घरातली. जुन्या वस्तूचं मोल तुला मी काय सांगणार? माझं म्हणणं एवढंच की आधी त्यावर एक टोपी चढव. एकच. मग विक, नाहीतर ठेव.

फोटोत तू ज्याला 'घाण' म्हणतेस ती जरा मोठी करून बघ की. बुडाच्या वर बोटभर अंतरावर बारीक भोकांची रांग आहे. त्या टाचण्यांच्या जागा. त्याखाली दोरीची खाच. वाफवलेलं फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर किंवा लव, ठोकळ्यावर ओढलं की दोरी इथंच आवळायची, म्हणजे माथा कुठं संपला आणि काठ कुठं सुरू झाला ते फेल्टला कळतं. माथ्यावरचा करपट डाग इस्त्रीचा, आणि तळाचं मोठं भोक स्टँडवर बसवायला. हल्ली सजावटीसाठी नवेच ठोकळे करून जुने म्हणून खपवतात, त्यांना यातलं काही नसतं. तुझ्या ठोकळ्यांना सगळं आहे आणि तू ते घासायला निघालीस!

बुडाला ७ हा आकडा ठोकलाय. ब्रिटिश मापात ७ म्हणजे ५७ सेंटिमीटर घेराचं डोकं. अमेरिकन मापात त्याच डोक्याला ७ १/८ म्हणतात. एका नंबरानं पुढं गेलं की व्यास १/८ इंच वाढतो, म्हणजे घेरात साधारण १ सेंटिमीटर. आता हिशेब कर. पॉलिशपेपरनं सगळीकडून फक्त १ मिलिमीटर लाकूड उतरवलंस, तर घेर ६ मिलिमीटरहून जास्त कमी होतो. अर्ध्या नंबराहून जास्त माप गेलं. ठोकळा दिसायला देखणा होईल, खरं ५७ च्या डोक्याला त्याचा उपयोग उरणार नाही.

पॉलिशचंही तेच. सुताराकडची लाखेची पॉलिश वाफ लागली की पांढरी पडते आणि चिकटते. गंमत बघ, तीच चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फेल्टला दिली तर हॅट कडक राहते. लाखेची जागा टोपीत आहे, ठोकळ्यावर नाही. कोरड्या फडक्यानं धूळ पूस, वाळवी आहे का बघ, आणि थांब.

चौथा ठोकळा सागवानात करून घेऊ का, असं विचारलंयस. नको. सागाला तेल असतं, वाफेनं ते सुटून फेल्टला डाग पडतात. शिसमात टाचणी शिरत नाही, वाकते. विलायतेत यासाठी अल्डर, लिंडेन, पॉपलर घेतात, म्हणजे बारीक पोताचं, राळ नसलेलं, टाचणी आत घेऊन धरून ठेवणारं लाकूड. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारी म्हणजे शिवण. हलकी असते आणि वाळल्यावर फारशी तडकत नाही, वाकत नाही. खरं, तीन ठोकळ्यांवर टोपी चढली नसताना चौथा कशाला हवा?

आता पाच तुकड्यांचा. मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. हॅटचा माथा वर रुंद आणि बुडाशी अरुंद असला, की ती ठोकळ्यावर चढते, उतरत नाही. म्हणून ठोकळाच कापलेला असतो. मधला तुकडा ही किल्ली. हॅट वाळली की आधी तो खालून ओढून काढायचा, मग बाजूचे एकेक करून आत सरकतात आणि बाहेर येतात. परत जोडताना किल्ली शेवटी. जुळवणी अशी हवी की चारी बाजूंचे तुकडे एकमेकांना घट्ट टेकतील आणि तरी किल्ली अंगठ्याच्या जोरानं सुटेल. सांध्याच्या आतल्या बाजूला पॉलिशपेपर लागला तर ठोकळा आयुष्यभर खुळखुळेल आणि प्रत्येक हॅटवर सांध्याची रेघ उठेल. आत हात लावू नकोस, पुन्हा सांगतो.

माझ्या उस्तादांकडं असा एक होता. ते मला म्हणायचे, संध्याकाळी थांब, काठ ओढायला शिकवतो. मी थांबत नसे. तेव्हा गांधी टोप्यांच्या ऑर्डरी यायच्या. गांधी टोपीला ठोकळा लागत नाही. सपाट शिवायची, घडी करून खिशात घालायची, डझनावर पैसे मोजून घ्यायचे. १९२४ ला याच गावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, त्या टोपीचा मान आमच्या गल्लीला वेगळा सांगावा लागत नव्हता. घरी खाणारी तोंडं होती. संध्याकाळच्या शिकवणीला वेळ कुठला? उस्ताद मुलाकडं हुबळीला गेले आणि तिकडंच वारले. माथा मला जमतो. काठ आजही उजवीकडं किंचित वर जातो. गिऱ्हाइकाला दिसत नाही, मला दिसतो.

म्हणून तुझ्या मागं लागलोय असं वाटत असेल, तर वाटू दे. एका सजावटवाल्यानं माझ्या ठोकळ्यांना चांगला भाव दिला होता. मी म्हटलं, यातल्या एकावर माझ्यासमोर फेल्ट चढवून दाखव आणि घेऊन जा. तो हसला आणि गेला. बायको अजून म्हणते, लाकडं शिजवून खा आता. तिचं चूक नाही. माझंही नाही. दुकान लहान राहिलं, खरं माझे ठोकळे आजही ओले होतात.

फेल्ट कुठून आणू, असं विचारशील. पहिल्या हॅटला महागडं सशाच्या लवीचं नको. लोकरीचा तयार शंकू मागव. तो मिळेपर्यंत बुरणुसाचा, म्हणजे जाड लोकरी फेल्टचा तुकडा घे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, नाजूक हॅट होणार नाही, खरं ओढणं आणि दोरी आवळणं हाताला कळेल. कडक करायला घोंगडीवाले लावतात ती चिंचोक्याची खळ लावून बघ. आणि भंगारातली जुनी हॅट उसवून तिचं फेल्ट वापरायचा विचारही करू नकोस. पूर्वी लव तयार करायला पाऱ्याचं नायट्रेट लावत, अमेरिकेत ते १९४१ ला बंद झालं. ती धूळ नाकात जायला नको.

पहिली टोपी बिघडेल. माथ्यावर सुरकुत्या राहतील, दोरी निसटेल, आषाढ असला तर फेल्ट वाळता वाळणार नाही आणि वास मारेल. त्यात मला फोन करून रडायचं काही नाही. परत वाफ दे, परत ओढ. फेल्ट बरंच सोसतं. कोर्सला जायचं का, हेही मला आत्ता विचारू नकोस. टोपी चढव, मग विचार.

पाऊस उघडला की तिन्ही ठोकळे घेऊन ये, बसमध्ये पाच तुकड्यांचा मांडीवर धर. मोठ्या तोंडाची किटली माझ्याकडं आहे, दोरी आणि टाचण्याही आहेत. काठ ओढायचा तो मात्र तू ओढ, माझ्या भरवशावर राहू नकोस. आणि त्या बेंगळुरूवाल्याला सांग, दिवाळीनंतर फोन कर म्हणून.

तुझा,
कॅम्पातला काका