सेल्फ-पेस्ड समर मॅथ: फी भरण्याआधी

अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मुलांसाठी सेल्फ-पेस्ड, म्हणजे आपापल्या गतीने करायचा ऑनलाइन समर मॅथ कोर्स शोधताना आपण आधी कोर्सची नावं आणि फी बघतो. त्याआधी ठरवायचं ते हे, की विषय ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) चढायला हवा आहे की पुढच्या वर्षाची नुसती तयारी हवी आहे? तयारीच हवी असेल तर खान अकॅडमी फुकट आहे आणि बहुतेकांना पुरते. क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याची शाळेत धरली जाणारी नोंद, तिथे मिळत नाही, एवढंच.

क्रेडिट हवं असेल तर काउन्सेलरला एप्रिल-मेमध्ये ईमेल करा. शाळा सुटली की उत्तर द्यायला बहुधा कोणी जागेवर नसतं. तीन गोष्टी विचारा: क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर येईल का, ग्रेड जीपीएत (सगळ्या ग्रेडच्या सरासरीत) धरली जाईल का, आणि वरच्या वर्गात बसायला शाळेची वेगळी प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल का. उत्तर लेखीच घ्या. कोर्स देणाऱ्या संस्थेला कॉग्नियासारख्या, शाळा तपासून मान्यता देणाऱ्या संघटनेची मान्यता आहे म्हणून तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने क्रेडिट घेतलंच पाहिजे, असं नाही. कॅलिफोर्नियात राहत असाल तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची ए-जी यादी (प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या हायस्कूल कोर्सेसची) ऑनलाइन खुली आहे. तिथे नुसती संस्था दिसून भागत नाही, नेमका तोच कोर्स शोधा. मूल कॉलेजात खेळाच्या टीममध्ये जायचं म्हणत असेल, तर ऑनलाइन कोर्सबद्दलचे एनसीएएचे (कॉलेजातल्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे) नियम वेगळे आहेत. शिक्षकाशी नियमित संपर्क नसलेला कोर्स तिथे अडतो.

कोणता विषय? उन्हाळ्यात उरकायला त्यातल्या त्यात जॉमेट्री बरी, कारण अल्जेब्रा टू तिच्यावर फारसं उभं नाही. प्रूफ (सिद्धता) लिहायचा सराव मात्र मुद्दाम करून घ्यावा लागतो, कारण कंप्युटर तपासणार म्हटल्यावर बरेच कोर्स प्रूफच्या रिकाम्या जागा भरायला लावून मोकळे होतात. अल्जेब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस दोन महिन्यांत घाईने संपवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॉगॅरिदम आणि ट्रिगनॉमेट्री मुरायला वेळ लागतो, आणि कच्चं राहिलेलं सगळं कॅल्क्युलसमध्ये बाहेर येतं. शाळेत मॅथ वन, टू, थ्री अशी इंटिग्रेटेड पद्धत (अल्जेब्रा-जॉमेट्री दरवर्षी एकत्रच) असेल तर बाहेरची सुटी जॉमेट्री बसतच नाही.

आता वेळेचा हिशेब. वर्षभराच्या एका क्रेडिटमागे साधारण १२० तास धरायची जुनी रीत आहे. सुट्टी १० आठवड्यांची असेल तर आठवड्याला १२ तास झाले. तीन आठवडे भारतवारी धरा: उरले ७ आठवडे, म्हणजे आठवड्याला १७ तास, रोज जवळजवळ साडेतीन आणि शनिवार-रविवार मोकळे. आजीकडे बसून करेल, हे धरून चालू नका. उन्हाळ्यात पुणं न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतं, म्हणजे दुपारी ४ चं ऑनलाइन शिक्षकमदतीचं सत्र तिथे रात्री दीडला. कॅलिफोर्नियाच्या ४ ला तिथे पहाटेचे साडेचार. प्रॉक्टर्ड (देखरेखीखालची) परीक्षा तिकिटाच्या तारखांमध्ये ठेवू नका, आणि ती भारतातून देता येते का, हे आधीच विचारून घ्या.

कोर्स पारखायला त्याचा एक नमुना धडा उघडा आणि चुकल्यावर काय होतं ते पाहा. समजा गणित आहे √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० मिळतं, आणि उत्तरं ३ व −२. पण −२ मूळ समीकरणात घातलं की डावीकडे २ येतात, उजवीकडे −२. ते उत्तर बाद. मुलाने दोन्ही उत्तरं लिहिली की साधा कोर्स लाल फुली दाखवतो, मूल एक उत्तर खोडून बघतं, हिरवी खूण येते आणि गाडी पुढे. वर्ग केल्यामुळे खोटं उत्तर शिरलं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. लिहिलेली रीत शिक्षक तपासतात असा कोर्स थोडा महाग असला तरी घ्या. नसेलच मिळत, तर वही सक्तीची करा आणि आठवड्याला पाच गणितं वहीवरून तोंडी समजावून घ्या. (आपल्या वेळची रीत शिकवायचा मोह तेवढा आवरा. इथल्या शिक्षकाला त्याच पायऱ्या वेगळ्या मांडून हव्या असतात.)

फी बघताना जाहिरातीतला आकडा अनेकदा एका सेमिस्टरचा असतो, पूर्ण वर्षाचे दोन. मुदतवाढीचे पैसे किती आणि फी परत मिळायची शेवटची तारीख कोणती, ते कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेच्या चार दिवस आधी प्रगती तपासा: तोवर ठरलेल्या तासांच्या निम्मेही झाले नसतील तर क्रेडिटचा नाद सोडून पैसे परत घ्या. कोर्स संपला तर ग्रेड आल्याच्या दिवशीच ट्रान्सक्रिप्ट शाळेकडे पाठवायची विनंती टाका. ऑगस्टमध्ये वेळापत्रक पक्कं झाल्यावर वर्ग बदलून मिळणं अवघड होतं.