गावाला जाताना प्लग काढावेत का?

प्रश्न: आम्ही कळव्याला राहतो. गणपतीत दहा दिवस घर बंद असतं. सासूबाई म्हणतात, सगळे प्लग काढ. हे म्हणतात, बटण बंद केलं की झालं. खरं कोणाचं?

उत्तर: सासूबाईंचं, ताई! बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतं, तेही वायरमनने जोडणी सरळ केली असेल तर. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जोडलेलीच राहते. आणि एखादं बटण चुकून चालू राहिलं नि इमारतीची न्यूट्रल सुटली, तर 230 व्होल्टच्या जागी 400च्या आसपास दाब येऊ शकतो. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतला आपोआप पडणारा खटका, तेव्हा गप्प बसतो. तो जादा करंट आणि शॉर्टसर्किट ओळखतो, जादा दाब नाही. मी ठाण्यात तीस वर्षं वायरिंग केलं. नौपाड्यात एका पावसाळी संध्याकाळी एकाच मजल्यावरचे तीन टीव्ही गेले. चौथा वाचला, कारण तिथल्या आजींनी प्लग आणि टीव्हीची केबल दोन्ही उपटून ठेवलं होतं. केबल लोक हमखास विसरतात.

फ्रिज रिकामा करून, पुसून बंद करा, दार किलकिलं ठेवा. आणि गीझरचा प्लग काढाल तेव्हा त्याच्या पिना बघा. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेट ढिला झालाय. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, गावाला जायच्या आधीच.