फाइल बदलली, तरी ओळींचे क्रमांक पुढेच का सरकतात?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील पुस्तकांच्या याद्या मी साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये ठेवल्या आहेत. प्रत्येक ओळीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि किंमत असे चार रकाने टॅबने वेगळे केलेले आहेत. ज्या ओळीत चार रकाने भरत नाहीत, तिचा क्रमांक छापणारा छोटा प्रोग्रॅम मी पर्ल भाषेत लिहिला. एकच फाइल दिली तर क्रमांक बरोबर येतो. पण ४१२ ओळींच्या पहिल्या फाइलीनंतर दुसरी दिली, की तिच्या सातव्या ओळीतील चूक ४१९व्या ओळीवर दाखवली जाते. शिवाय मुख्य लूपच्या आत लेखकांची वेगळी फाइल उघडून नाव सापडेपर्यंत वाचू लागल्यापासून भलताच आकडा छापला जातो. दोष पर्लमध्ये आहे की माझ्या प्रोग्रॅममध्ये? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पर्ल येथे ठरल्याप्रमाणेच वागत आहे, मात्र ते ठरलेले काय आहे हे नीट समजून घ्यायला हवे. आपण वापरलेले ‘$.’ हे व्हेरिएबल फाइलीतील ओळी मोजत नाही. ते फाइलहँडलवरून (म्हणजे उघडलेली फाइल प्रोग्रॅममध्ये ज्या नावाने वाचली जाते त्यावरून) आतापर्यंत किती ओळी वाचल्या, हे सांगते. हा मोजक शून्यावर येतो तो हँडल स्पष्टपणे ‘क्लोज’ केल्यावरच. आपण व्हाइल लूपमध्ये ‘<>’ वापरता, तेव्हा पर्ल आदेशासोबत दिलेल्या सर्व फाइली आर्गव्ही (ARGV) नावाच्या एकाच हँडलवर पाठोपाठ उघडत जाते आणि मधे कोठेही क्लोज करीत नाही. म्हणून ४१२ मध्ये ७ मिळवून ४१९ होतात. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली, तेव्हा ज्या ऑक भाषेतून त्यांनी बरेच काही घेतले, त्या ऑकमध्ये आज एकूण ओळींसाठी एनआर आणि चालू फाइलीतील ओळींसाठी एफएनआर अशी दोन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत. पर्लमध्ये एकच आहे, आणि दुसऱ्याचे काम आपल्याला क्लोज करून घ्यावे लागते.

यासाठी ‘क्लोज(आर्गव्ही) इफ ईओएफ(आर्गव्ही);’ ही ओळ लिहावी; ईओएफ म्हणजे फाइल संपली का, ही तपासणी. (टाइप करताना अर्थातच रोमन लिपी वापरावी; आर्गव्ही कॅपिटल अक्षरांत, बाकीचे शब्द लहान अक्षरांत.) ही ओळ कोठे लिहायची याला फार महत्त्व आहे. ती लूपच्या शेवटी ठेवली आणि रिकाम्या ओळी वगळण्यासाठी वर कोठेतरी ‘नेक्स्ट’ (लूपची पुढची फेरी लगेच सुरू करणारा आदेश) लिहिले असेल, तर फाइलीची शेवटची ओळ नेमकी रिकामी निघाल्यास क्लोजपर्यंत प्रोग्रॅम पोहोचतच नाही आणि पुढच्या फाइलीचे क्रमांक पुन्हा चुकतात. याद्यांच्या शेवटी रिकामी ओळ राहणे ही नेहमीचीच गोष्ट असल्यामुळे ही ओळ लूपला जोडलेल्या ‘कंटिन्यू’ ब्लॉकमध्येच लिहावी. नेक्स्ट झाले तरी तो ब्लॉक चालतो.

ईओएफच्या कंसांबाबतही दक्ष राहायला हवे. रिकामे कंस दिले, तर सर्वांत शेवटच्या फाइलीचा शेवट झाल्यावरच उत्तर होकारार्थी मिळते. कंसच दिले नाहीत, तर शेवटी वाचलेल्या हँडलची तपासणी होते, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये ते हँडल लेखकांच्या फाइलीचे असू शकते. ती फाइल संपली, की मुख्य यादी अर्ध्यावरच बंद होईल, तिच्या उरलेल्या ओळी न वाचता प्रोग्रॅम पुढच्या फाइलीकडे जाईल आणि कोणतीही सूचना मिळणार नाही. चुकीच्या क्रमांकापेक्षा हे कितीतरी अधिक घातक आहे, म्हणून कंसात आर्गव्ही स्पष्टपणे लिहावेच.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तरही येथेच दडलेले आहे. प्रत्येक हँडलचा मोजक स्वतंत्र असतो, ‘$.’ मात्र शेवटी ज्या हँडलला हात लावला, त्याचा मोजक दाखवते. लेखकांच्या फाइलीचे हँडल उघडे असेल, तर आपल्याला दिसणारा भलता आकडा म्हणजे त्या फाइलीत नाव जेथे सापडले त्या ओळीचा क्रमांक होय. यावर उपाय असा, की लूपमध्ये शिरताच पहिल्याच विधानात ‘$.’ ची किंमत आपल्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावी आणि संदेशात तेच व्हेरिएबल छापावे. माझ्या मते दोन-चार ओळींच्या प्रोग्रॅमपलीकडे ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण आज लूपमध्ये दुसरे वाचन नसले तरी उद्या कोणीतरी ते घालतेच. लेखकांची फाइल तर लूपच्या आधी एकदाच वाचून हॅशमध्ये (नावावरून नोंद शोधता येईल अशा तक्त्यात) ठेवावी; प्रत्येक पुस्तकासाठी ती नव्याने उघडण्याचे कारण नाही.

संदेशात क्रमांकाबरोबर फाइलीचे नावही छापावे. चालू फाइलीचे नाव डॉलर चिन्ह लावलेल्या आर्गव्ही व्हेरिएबलमध्ये आयतेच मिळते. ‘सीक’ (फाइलीत वाचनाची जागा बदलणारा आदेश) वापरून फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचणार असाल, तर मोजक आपोआप शून्यावर येत नाही, ‘$. = 0’ असे लिहावे लागते. आणि ‘$/’ हा विभाजक बदलून उताऱ्यागणिक वाचू लागलात, तर ‘$.’ उतारे मोजेल, ओळी नव्हे.

दुरुस्ती झाल्यावर खऱ्या याद्यांवर प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी चार-चार ओळींच्या दोन फाइली तयार कराव्यात. दोन्हींत तिसऱ्या ओळीतील एक रकाना गाळावा आणि चौथी ओळ रिकामी ठेवावी. दोन्ही फाइलींसाठी ३ हाच क्रमांक छापला गेला पाहिजे. दुसऱ्या वेळी ७ आला, तर क्लोज अजूनही नेक्स्टमुळे वगळले जात आहे असे समजावे.